राखणदाराची टाकी

माझा नवरा गोकुळदास लोकांच्या काचा पुसतो. हे इतक्या सरळ शब्दांत लिहिलेले त्याला आवडणार नाही, कारण त्याच्या पिकअपच्या दारावर ‘काच निगा सेवा, झरीवाडा, डिचोली’ असे रंगवून घेतलेले आहे. घरात, अंगणात आणि भांडणात आम्ही कोकणी बोलतो. पाटी, लग्नपत्रिका आणि देवापुढचे गाऱ्हाणे यांना मात्र मराठी लागते, तेवढाच भारदस्तपणा. समोर मी त्याला ‘तुमी’ म्हणते. लिहिताना तेवढा मान मला परवडत नाही, आणि का परवडत नाही ते कळेलच.

खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या दारात ट्रक होते आणि पाण्याचा एक टँकर होता. खनिजाच्या रस्त्यावर तांबडी धूळ उडू नये म्हणून तो टँकर दिवसभर पाणी शिंपडत फिरायचा. मग खाणी बंद पडल्या. ट्रक उभ्या उभ्या गंजले आणि मिळेल त्या भावाने गेले. गोकुळदास सोप्यावर बसून पेपर वाचायचा आणि प्रत्येक बातमीवर चिडायचा, अगदी हवामानाच्या सुद्धा. त्याच सुमारास तिकडे पेडण्यात, मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर, हॉटेले उठत होती. हॉटेलवाल्यांना भिंतीपेक्षा काच प्रिय, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेला काच त्याहून प्रिय. रोज पुसा, रोज पांढरट. ती पुसायला माणूस मिळेना. गोकुळदासला पाणी शिंपडण्याचा अनुभव होताच. त्याने टँकर विकून पिकअप घेतली, तिच्यावर काळी प्लास्टिकची टाकी बसवली, पंप बसवला, लांब पायप घेतला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा एक पोल आणला. पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशाला बारीक भोके आणि भोकांतून पाणी. माणूस खाली उभा राहतो, मान वर करून ब्रश फिरवतो, आणि पाण्याचा बारीक तुषार त्याच्या तोंडावर येत राहतो.

काच नळाच्या पाण्याने धुतली तर वाळल्यावर ठिपके राहतात. शहरातले लोक त्यासाठी फिल्टर बसवतात. आमच्याकडे झर आहे. कारापूरच्या अलीकडे, पोफळीच्या बागेच्या वरच्या अंगाला, जांभ्या दगडातून बारमाही पाणी येते. थंडगार आणि इतके हलके की डाळ चटकन शिजते. या झरीवर राखणदार आहे, म्हणजे जागा सांभाळणारा देव. त्याला मूर्ती नाही, झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. त्याच्या वहाणांचा आवाज ऐकलेले लोक वाड्यावर पुष्कळ आहेत, त्याला पाहिलेला मात्र कोणी पुढे आलेला नाही.

मोरजीच्या हॉटेलातल्या इंजिनिअरने एकदा टाकीत पेनाएवढे मीटर बुडवले आणि तो चकित झाला. असले शुद्ध पाणी फिल्टरमधून सुद्धा येत नाही म्हणाला. त्या मीटरला पाण्यातले क्षार तेवढे कळतात, बाकी काही कळत नाही, हे त्याने सांगितले नाही. बहुतेक त्यालाही ठाऊक नसावे. त्या दिवसापासून गोकुळदास सांगत सुटला की राखणदाराच्या पाण्याला आता सायन्सनेही मान्यता दिली.

पण खरा घोटाळा आमच्या रिवाजात होता. झरीचे पाणी नारळ ठेवून मागून घ्यायचे, आणि मागून घेतलेले पाणी टाकायचे नाही. कामात लागले तर लागले. उरलेले मात्र जमिनीवर ओतायचे नाही, कोणाच्या पायाखाली जाऊ द्यायचे नाही, नव्या पाण्यात मिसळायचे. वाड्यावरच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या घागरीपुरते पाळत आल्या. घागर दुसऱ्या दिवसापर्यंत संपते, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. गोकुळदासने तोच रिवाज हजार लिटरच्या टाकीला लावला. ती टाकी बसवल्यापासून एकदाही रिकामी झाली नाही. संध्याकाळी अर्धी उरायची, सकाळी वरून भरायची.

“आनी जनेलांच्या काचांवयल्यान गळून हॉटेलाच्या तणार पडटा तें?” मी एकदा विचारले.

“तें कामाक लागलां,” तो म्हणाला. “कामाक लागिल्लें चलता.”

देवाधर्माच्या बाबतीत माझ्या नवऱ्याकडे असे वकिली मुद्दे तयार असतात. घरचा नळ गळतो, तेव्हा एकही सुचत नाही.

त्याच्या हाताखाली महादेव आहे. हा दोडामार्गचा, पूर्वी आमचा टँकर चालवायचा, आता पिकअप चालवतो आणि पायप ओढतो. गोकुळदासला तो ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणतो आणि मला ‘वयनी’. बिडी त्याच्या तोंडातून फक्त जेवताना निघते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण या गोष्टीत महादेवच्या तब्येतीने मला फार त्रास दिला.

मोपाला विमाने उतरू लागली त्याच्या पुढच्या मे महिन्यात हे झाले. वाळपईला गोकुळदासच्या भाच्याचे लग्न होते म्हणून आठवडाभर पिकअप अंगणात उन्हात उभी होती. काळ्या टाकीतले पाणी इतके ऊन झाले होते की आंघोळीला बंब पेटवायची गरज नव्हती. लग्नाहून आल्यावर तो थेट कामावर गेला. दोन दिवस त्याने मान वर करून एका हॉटेलाच्या काचा धुतल्या आणि त्याच आठवड्यात तापाने आडवा झाला. कोरडा खोकला, हुडहुडी, पोट बिघडलेले.

कारणांना तोटा नव्हता. लग्नातले जेवण, ऊन, आणि नवा शर्ट पाहून कोणाची तरी लागलेली दिष्ट. माझी जाऊ सुमंगला आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहते. तिने येऊन मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दिष्ट जबर असा तिने निर्वाळा दिला. मग कोविडची तपासणी केली. ती नसल्याचे कळले तेव्हा सगळ्यांना एवढा आनंद झाला की ताप अजून आहे हे कोणाच्या लक्षातच राहिले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पेज घेऊन गेले, तर तो मला म्हणाला, “टँकर खणीर गेलो? धुल्ल उडटा गो.” खाणी बंद होऊन दहाएक वर्षे झाली होती. तो भिंतीकडे बघून बोलत होता आणि प्रत्येक शब्दामागे त्याच्या छातीत घरघर होत होती. मी घाबरले. लग्नाला एवढी वर्षे झाली, या माणसावर मी रोज चिडले आहे, पण तो नसला तर चिडायचे कोणावर हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि हातातली वाटी सांडली.

सुमंगलेची मुलगी विनिता पणजीच्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. तिला फोन केला. ती गाडी घेऊन आली, तिने काकाच्या पाठीला नळी लावून ऐकले, आणि त्याला तडक गाडीत घातले. पुढचे बरेच दिवस तो नाकात प्राणवायूची नळी घालून पडून होता. मी बाहेरच्या बाकावर. एक दिवस विनिता कागद घेऊन आली आणि म्हणाली, “काकी, लेजिओनेला म्हणून जंतू आसा. तो सांपडला. काका खंयचें पाणी वापरता?”

मी झरीचे सांगितले, रिवाज सांगितला, काळ्या टाकीचे सांगितले. तिने डोक्याला हात लावला. ती वाड्यावरच वाढलेली, तिला रिवाज समजावून सांगावा लागला नाही.

“हो आजार पाणी पिवन जायना, काकी. बारीक थेंब श्वासांतल्यान भितर गेले की जाता. झरीचो कांय दोष ना, थंयचें पाणी व्हांवतें आनी थंड. टाकींत तें कोमट जावन थारता, बुळबुळीत थर धरता, थंय हे जंतू वाडटात. आनी काका तें तोंडार फवारून घेता.” मग तिने काय करायचे ते सांगितले. टाकी पूर्ण रिकामी करायची, आतून घासायची, ब्लीचिंग घालायचे, गरम पाण्याने धुवायची, जुना पायप फेकून नवा घ्यायचा, झाकण उघडे ठेवून वाळवायची. आणि पुढे दर आठवड्याला काम संपले की रिकामी करायची. “परत असो न्युमोनिया जालो जाल्यार काकाचीं फुफ्फुसां सोंसचीं नात. हें हांव तुका भियोवपाक सांगना.”

मी हे सगळे गोकुळदासच्या उशाशी बसून सांगितले. त्याने नळीमागून डोळे उघडले.

“पिवन कांय जायना म्हण तीच सांगता न्ही?”

“सांगता.”

“म्हणजे पाणी बरें.” एवढे बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. “राखणदाराचें पाणी हांव ओतून उडोवचों ना.”

मी मनाशी म्हटले, तो मरणाच्या दारातून परत आला आहे, त्याच्याशी कशाला वाद घालायचा. आपणच करून टाकू. घरी येऊन महादेवला टाकीचा तळाचा नळ सोडायला सांगितले. त्याने बिडी काढून कानामागे ठेवली.

“वयनी, ता माका सांगू नकात. आनी पाण्याक नावां कित्याक ठेयतास? मी थंयच उभो रवतंय मा? माका काय झाला?”

काही झाले नव्हते हे खरेच. बिड्यांनी काळवंडलेली त्याची छाती बैलासारखी चालू होती. वाड्यावरच्या प्रत्येकाने मला हेच ऐकवले, आणि हा माणूस ठणठणीत आहे याचा विनितालाही मनापासून राग आला होता. शेवटी मी स्वतः पाना घेऊन टाकीखाली वाकले. नळ हलेना. इतक्या वर्षांत एकदाही न उघडल्यामुळे तो असा गच्च बसला होता की पाना निसटून माझ्या बोटाला लागला. महादेव पाठ करून उभा होता, म्हणजे त्याने काही पाहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी इस्पितळात पात्रांवला त्याने सगळे सांगितले.

गोकुळदास रागावला नाही. रागावण्याइतकी हवाच त्याच्यात नव्हती. तो म्हणाला की घरी गेल्यावर आपण कौल लावू. राखणदाराने हुकूम दिला तर टाकी रिकामी करू, नाही दिला तर नाही. आणि तोवर मी टाकीला हात लावायचा नाही, अशी त्याने माझ्याकडून कबुली घेतली. मी कबुली दिली, कारण मला वाटले, देव एवढा तरी शहाणा असेल.

कौल लावतो बाबुराव गुरव. तो दगडाला दोन्ही अंगांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि आपण बघत बसायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोकुळदास काठी टेकत झरीवर आला, पाच पावलांवर दमून दगडावर बसला. बाबुरावने घसा साफ केला.

“बा राखणदार महाराजा, तुझ्या या लेकराने तुझे पाणी मागून घेतले, ते टाकीत साठले आहे. आज डॉक्टर म्हणतात ते टाकून द्यावे. तर ते टाकून देण्यास तुझा हुकूम आहे काय?”

“व्हय म्हाराजा,” जमलेले म्हणाले.

डावी पाकळी पडली. उजवी जागची हलली सुद्धा नाही.

कित्येक दिवसांत पहिल्यांदाच गोकुळदासच्या तोंडावर तजेला आला. “येत्या सोमाराक कामाक वतां,” तो महादेवला म्हणाला. मला दोघांचाही संताप आला, नवऱ्याचा आणि दगडाचाही. दगडाचा आला हेही लिहून ठेवते.

सोमवारला अजून वेळ होता. संध्याकाळी मी बाबुरावच्या घरी गेले. तो पडवीत पाव चहात बुडवून खात होता. मी म्हटले, गाऱ्हाणे चुकले.

“देवाक एकच गजाल परत परत विचारूंक जायना, वयनी.”

“एकच खंय? पाणी उडोवपाचें न्हय, परत दिवपाचें. ज्याचें तेका. तुमी ‘टाकून देऊ काय’ विचारलें. राखणदारूच कित्याक, हांव आसल्यार हांवूय ना म्हणटलें आसतें.”

पाव अर्ध्यातच थांबला. गुरवालाही आपले गाऱ्हाणे सुधारलेले आवडत नाही, पण मुद्दा पटला होता. माझा बेत साधा होता. झरीचे पाणी खाली चरातून पोफळींत जाते. कौल मिळाला की आम्ही तिघेचौघे जाऊ, चराच्या खालच्या तोंडाशी टाकी गुपचूप सोडू, आणि पोफळींना काही न्युमोनिया होत नाही.

रविवारी परत कौल लावला. ‘महाराजा, तुझे पाणी तुला परत देतो, ते तू पदरात घ्यावेस’ असे गाऱ्हाणे झाले, आणि उजवी पाकळी बाबुराव बोलून संपण्याआधीच पडली. राखणदारालाही टाकीचा कंटाळा आला असणार. गोकुळदासने हात जोडले. घरी येताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी मनातल्या मनात टाकी रिकामी करून, घासून, वाळवून सुद्धा मोकळी झाले.

आमच्या वाड्यावर कोणतीही गोष्ट गुपचूप होऊ शकत नाही, हे मी लग्न होऊन आल्या दिवसापासून जाणते. तरी त्या दिवशी विसरले. सोमवारी झरीवर पोचले तर लाऊडस्पीकर लागलेला, पिकअपला झेंडूच्या माळा, टाकीला हळदकुंकू, आणि सगळा वाडा हजर. म्हाताऱ्या, पोरांना कडेवर घेतलेल्या सुना, दम्याचा भिकू शेणवी सुद्धा खुर्ची आणून बसलेला. बाबुराव माइकवर होता. राखणदार आपले पाणी परत घेतो आहे हे वाड्याच्या इतिहासात पहिल्यांदा घडते आहे, असे तो सांगत होता. आणि हे पाणी साधे नव्हे. वर्षानुवर्षांचे पाणी एकात एक मिसळत आलेले, कधीही खंड न पडलेले. तेव्हा परत देण्याआधी प्रत्येकाने त्याचे तीर्थ घ्यावे.

पळीपळीने द्यायचे तर जेवणाची वेळ टळून गेली असती. तोडगा महादेवने काढला. पोल आहे, पंप आहे. पोल आभाळाकडे धरला की सगळ्यांच्या डोक्यावर एकदम बारीक तीर्थ. लोकांना ते फार पसंत पडले. पोल धरायचा मान अर्थातच गोकुळदासचा. तो माळा घातलेल्या पिकअपपाशी उभा होता, धोतर नेसून, छातीची हाडे मोजता येतील असा, आणि दोन्ही हातांत पोल.

मी गर्दीतून वाट काढत गेले.

“तुमकां विनितान किते सांगलां? ह्या पाण्यापाशीं उबे सुद्धां रावंक जायना.”

“आजचोच दीस, कमल. मागीर टाकी रिकामी. तुका जाय आशिल्लें तेंच जाता न्ही?”

मला हवे होते तेच होत होते खरे. मी बाबुरावकडे गेले, त्या पाण्यात जंतू आहेत म्हणाले. त्याने माइकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “वयनी, आजच्या दिसा तरी असलें उलोवनाकात.” मागून कोणीतरी महादेवकडे बोट दाखवून विचारले, हा मग कसा जिवंत, आणि पिकला हशा. महादेवने बिडी ओढत मान तुकवली. विनिताला फोन लावला. ती वॉर्डात असणार, तिने उचलला नाही.

पंप सुरू झाला. पायप ताठ होऊ लागला. लोकांनी माना वर केल्या, काहींनी तोंडे उघडली. एक सून कडेवरच्या पोरीचे तोंड आभाळाकडे वळवत होती. पोलच्या टोकातून पहिले दोनचार थेंब सुटले, आणि माझा नवरा, ज्याला जिना चढताना दोनदा थांबावे लागत होते, त्याने तोंड उघडून मोठा श्वास घेतला.

मी टाकीला दोन्ही हात टेकवले आणि ओरडले, “थांबयात. म्हाका चार दीस चालू आसात. सकाळसावन हांव ह्या टाकीक हात लायतां.”

माइक चालूच होता. डोंगरापलीकडे ऐकू गेले असेल.

महादेवने असा पंप बंद केला की त्याची बिडी पडली. वर केलेल्या सगळ्या माना एकदम खाली आल्या आणि पुरुष आपापल्या पायांकडे बघू लागले. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होते. माझी पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. पुरुषांपैकी कोणी हिशेब करण्याची शक्यता नव्हती, पण बायका बायका असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, सुमंगलेकडे पाहिले. एका घरात राहणाऱ्या जावांना एकमेकींचे सगळे ठाऊक असते. सुमंगला भिकू शेणव्याच्या खुर्चीमागे उभी होती. आमचे गेल्या दिवाळीपासून नीट बोलणे नव्हते. तिने पदर नाकाला लावला, माझ्याकडे पाहिले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हांवें तुका सकाळींच सांगिल्लें न्ही, घरांत बस म्हण?”

ज्यांच्या अंगावर ते दोनचार थेंब पडले होते ते आंघोळीला पळाले. कडेवरच्या पोरीचे तोंड आईने पदराने खसाखसा पुसले. डॉक्टर, इस्पितळ, कागद आणि महिनाभर कोरडा केलेला माझा घसा, यांनी ज्या पाण्याला डाग लागला नव्हता ते माझ्या दोन हातांनी नासले. मी तशीच उभी राहिले. मला लाज वाटली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा मात्र वाईट वाटले, कारण त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणे मी काढली होती.

आता हे पाणी परत देणे शक्य नव्हते. झरीच्या आसपास सोडणे तर नाहीच. बाबुरावने हुकूम केला की पिकअप ताबडतोब बंद खाणीच्या खड्ड्यावर न्यावी. तिथे महादेवने स्वतः हातोडा घालून तळाचा नळ फोडला. आधी पाणी आले, मग तांबूस-तपकिरी बुळबुळीत काहीतरी, शिळ्या आंबिलीसारखे, लोंबत लोंबत. बाकीच्यांनी तोंडे फिरवली होती, विटाळाकडे कोण बघणार. मी पाहिले. ते वर्षानुवर्षे माझ्या नवऱ्याच्या तोंडावर पडत होते.

मग शुद्धीकरण. बाबुराव म्हणाला, टाकी आतून घासून काढा. कढत पाण्याने धुवा. पंचायतीत ब्लीचिंग असते ते आणून घाला. परत कढत पाणी. पायप विटाळलेला आहे, तो टाका, नवा आणा. झाकण उघडे ठेवून उन्हात वाळवा. सगळ्यात शेवटी गोमूत्र शिंपडा. गोमूत्र सोडले तर हे विनिताचे शब्द होते, जवळजवळ त्याच क्रमाने. त्या दिवशी वाड्यावरचे चार बाप्ये टाकीत उतरून इतक्या निष्ठेने घासत होते की तेवढ्या निष्ठेने त्यांनी घरची न्हाणी जन्मात घासली नसेल.

मला शिक्षा झाली. राखणदारापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायची आणि यापुढे झरीवर पाऊल ठेवायचे नाही. नारळ मी बाबुरावच्या हाती पाठवला. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी तुळशीच्या पाण्यासाठी मी झरीवर जात असे. थोडे बसत असे, कोणी नसले की पाय पाण्यात सोडत असे. ते गेले. नळाचे पाणी तुळशीला चालते, मला त्याची सवय अजून झालेली नाही.

गोकुळदास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने भातात माशांचे हुमण कालवले आणि ताटाकडे बघत विचारले, “तीन वर्सां जालीं न्ही गो तुका?”

“जालीं.”

“मागीर?”

“मागीर किते? तुमी जिते आसात.”

तो बराच वेळ कालवत राहिला. तो धार्मिक माणूस आहे. माझी लबाडी त्याने बाबुरावला सांगायला हवी होती, निदान राखणदाराला तरी. त्याने वाटी पुढे केली आणि अजून सोलकढी मागितली.

पावसाळा सरल्यावर तो पुन्हा कामाला लागला. फोडलेल्या नळाच्या जागी नवा बसवला, नवा नारळ ठेवला, नवे पाणी मागून घेतले, स्वच्छ टाकीत भरले. आणि मी पुन्हा दिवस मोजू लागले, कारण रिवाज होता तसाच होता. मागून घेतलेले टाकायचे नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी पिकअप अंगणात आली तेव्हा टाकीत अर्धे पाणी हिंदकळत होते. महादेव उतरून बिडी पेटवत होता. गोकुळदास पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. दमला होता, पण श्वास सरळ चालला होता. मी आता ते दारातूनच ऐकते. तो माझ्याकडे न बघता तुळशीकडे बघून म्हणाला, “कमल, आज शनवार.”

“मागीर?”

“टाकीक हात लावून यो.”

तेव्हापासून दर शनिवारी माझे चार दिवस सुरू होतात आणि टाकी वाळेपर्यंत संपतात. विनिताला सांगितले तर ती हसली. संध्याकाळी पिकअप आली की मी अंगणात उतरते, टाकीवर तळहात टेकवते, आणि महादेव नळ सोडतो.